एकाच अध्यायातली दोन वचने

(वीर येथे सेवक आणि हितचिंतक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण. बोलीतले थोडे कमी करून छापले आहे.)



मुंबई-ठाण्याहून आलेली मंडळी पहाटेच्या गाडीने वीर स्टेशनावर उतरली, त्यांची झोप अजून पुरी झालेली नाही हे मला समोरून दिसते आहे. पोलादपूरच्या बाजूच्या वाड्यांवरून जे आले ते तर त्याहून आधी उठून चालत निघाले. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. मला विषय दिला आहे तो असा, की पवित्र शास्त्रात काही ठिकाणी एक वचन एक सांगते आणि दुसरे वचन दुसरेच सांगते असे वाटते, तेव्हा वाचणाऱ्याने काय करावे. विषय पाठशाळेतला वाटेल. माझ्यापुढे तो आला एका वाडीवर, बारा वर्षांपूर्वी, आणि मी त्यात नापास झालो. तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, हे तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. ती उचल अंगावर असते. मग नवरा-बायको आणि जी काय मुले असतील ती सगळी टेम्पोत बसतात. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. हिशेब एकाच वहीत असतो, ती वही एकाच माणसाच्या हातात असते, आणि पुष्कळदा सहा-सात महिने राबूनही काही रक्कम अंगावर उरतेच. ती पुढच्या सालावर जाते.

अशाच एका कुटुंबातला पुरुष माघाच्या सुमारास तापाने आजारी पडला. काम थांबले. खाण्यासाठी आठवड्याला जो खर्च मिळतो तोही थांबला. तेव्हा ती दोघे तीन मुलांना घेऊन रात्री निघाली आणि वाडीवर परत आली. चार दिवसांनी मुकादम मागावर आला. नेमका मी त्या दिवशी वाडीवर होतो, हातात शास्त्र होते, प्रार्थना नुकतीच झाली होती. त्याने माझ्याकडे पाहून सगळ्यांसमोर विचारले, "काय हो, तुमच्या धर्मात लोकांचे पैसे बुडवायला शिकवतात का?"

मला लाज वाटली. मंडळीचे नाव जाते आहे असे वाटले. मी स्तोत्रसंहितेतले ३७ वे स्तोत्र उघडले आणि २१ वे वचन वाचून दाखवले. उसने घेऊन परत न करणारा दुर्जन होय, असा त्याचा आशय आहे. त्या माणसाने खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाचही माणसे टेम्पोत बसली. थोरली मुलगी सातवीत होती. तिची शाळा त्या दिवशी जी सुटली ती सुटलीच.

महिनाभराने मी पुन्हा त्या वाडीवर गेलो. तिथे एक म्हातारी मावशी आहे. तिला अक्षर येत नाही, पण ऐकलेले विसरत नाही. ती म्हणाली, "दादा, त्याच पुस्तकात सातव्या सालाला सोडून द्यायचं असं हाय ना? तुमीच वाचलेलं पावसात."

खरे होते. मीच वाचले होते. अनुवादाचा १५ वा अध्याय. दर सातव्या वर्षी ऋणकोला सोडून द्यावे, त्याच्यामागे तगादा लावू नये, अशी तिथे आज्ञा आहे. मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते जुन्या करारातले आहे, तेव्हाच्या इस्राएलासाठी होते, असे काहीतरी. ती गप्प राहिली. पण स्तोत्रसंहिता हीसुद्धा जुन्या करारातलीच, हे मला परतीच्या वाटेवर सुचले. मला सोयीचे ते वचन आजचे आणि तिला सोयीचे ते वचन कालचे, अशी वाटणी मी केली होती.

घरी येऊन ३७ वे स्तोत्र पुन्हा वाचले. आणि बंधूंनो, २१ वे वचन तिथे संपतच नाही. मी अर्धेच वाचले होते. उरलेल्या अर्ध्यात नीतिमान मनुष्य दया करतो आणि देतो, असे आहे. ज्या वचनाने मी त्या आजारी माणसाची मान खाली घालायला लावली, त्याच वचनाचा दुसरा पाय त्या वहीवाल्याकडे आणि माझ्याकडे वळलेला होता. इतकी वर्षे शास्त्र शिकवणारा माणूस, आणि मी अर्ध्या वाक्यावर थांबलो होतो, कारण तिथे थांबणे त्या वेळी सोपे होते.

म्हणून आज मी तुम्हाला पहिली गोष्ट ही सांगतो, की दोन वचनांत भांडण आहे असे वाटले तर आधी दोन्ही पुरती वाचा. मागचे-पुढचे वाचा. यात नवीन काही नाही, प्रत्येक पाळक हे सांगतो. पण आपण ते करत नाही, कारण आपल्याला वचने सुटी सुटी पाठ असतात. वचनांचे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. ते पुष्कळ शतकांनी आले, आणि त्यांच्यामुळे आपल्याला शास्त्र खडीसारखे वाटू लागले, हवा तो दगड उचलावा आणि मारावा.

आता त्या १५ व्या अध्यायाकडे येऊ. मावशीने मला तिकडे ढकलले नसते तर मी तो इतक्या वेळा वाचला नसता.

तिथे ४ थ्या वचनात म्हटले आहे की तुमच्यामध्ये कोणी दरिद्री असणार नाही. खाली ११ व्या वचनात म्हटले आहे की देशात दरिद्री असायचेच, ते नाहीसे होणार नाहीत. एकच अध्याय, मध्ये सहा वचने. एकाच मोशेच्या तोंडचे बोलणे. लिहिणारा काही विसरभोळा नव्हता. त्याला दोन्ही वाक्ये दिसत होती आणि त्याने दोन्ही ठेवली.

का ठेवली असतील? मधली वचने वाचा. ५ व्या वचनात अट आहे, तुम्ही देवाचे ऐकाल तर. ७ आणि ८ मध्ये हात आखडू नका, मोकळा करा, असे आहे. आणि ९ वे वचन तर मला फार माणसांना ओळखून लिहिलेले वाटते. सातवे वर्ष जवळ आले, आता दिलेले परत यायचे नाही, असा विचार मनात आणून गरिबाकडे वाकड्या नजरेने पाहू नका, असा त्याचा आशय. सावकाराच्या डोक्यात हिशेब कसा चालतो हे देवाला नेमके ठाऊक होते. तेव्हा ४ थे वचन सांगते की देवाच्या मनात काय आहे. ११ वे सांगते की माणसाच्या मुठीमुळे प्रत्यक्षात काय होते. आणि ११ वे वचन तिथेच थांबत नाही. दरिद्री असायचेच, म्हणून तू आपला हात सैल सोड, अशी त्याची शेवटची आज्ञा आहे.

आता आपला प्रभू बेथानीत काय बोलला ते आठवा. एका बाईने त्याच्यावर मोलवान सुगंधी तेल ओतले. लोक कुरकुरले, हे विकून गरिबांना देता आले असते. तेव्हा तो म्हणाला की गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत. हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे! वर्गणी मागायला गेलो की ऐकतो. "अहो, प्रभूनेच सांगितले आहे, गरीब राहायचेच, तुम्ही किती पुरणार?" प्रभू तिथे अनुवादाच्या त्याच ११ व्या वचनाकडे बोट दाखवत होता, आणि ऐकणाऱ्या यहूद्यांना त्या वचनाचा उरलेला भाग पाठ होता. आपल्याला तो पाठ नाही, म्हणून आपल्याला ते हात झटकण्याचे परवानापत्र वाटते. हा प्रसंग मत्तयात आहे, मार्कात आहे, योहानातही आहे. पण मार्काच्या १४ व्या अध्यायात ७ व्या वचनात एक वाक्य जास्त आहे, की तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचे बरे करू शकता. मत्तय आणि योहान यांनी ते दिलेले नाही. आता हा फरक आहे ना? कोणी म्हणेल, पाहा, शुभवर्तमाने जुळत नाहीत. मी म्हणतो, मार्काने ते वाक्य जपून ठेवले याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आणि ४ थे वचन? ते वाया गेले का? प्रेषितांच्या कृत्यांच्या ४ थ्या अध्यायात, ३४ व्या वचनात, यरुशलेमच्या मंडळीविषयी लिहिले आहे की त्यांच्यात कोणी गरजू नव्हता. जुन्या कराराचे जे जुने ग्रीक भाषांतर आहे त्यात अनुवाद १५:४ ला जो शब्द आहे, तोच शब्द लूकाने तिथे वापरला आहे. म्हणजे प्रभूने ११ वे वचन उचलले आणि त्याच्या मंडळीने ४ थे खरे करून दाखवले, निदान एका शहरात, काही काळ. ज्यांना ही दोन वचने विरोधी वाटतात त्यांना मी विचारतो, यांतले कोणते तुम्हाला काढून टाकायचे आहे?

पण सगळेच असे गोड जुळते असे मी म्हणणार नाही. त्याच अध्यायाच्या ३ ऱ्या वचनात परक्याकडून वसुली करायची मुभा दिली आहे. ते वाचताना मला बरे वाटत नाही. कातकऱ्याला या देशात पुष्कळांनी परकाच मानले, आणि कोणी हे वचन वाचून दाखवले तर मी काय म्हणू? मी एवढेच म्हणतो की शास्त्रात एकाच विषयावर पुढे पुढे काय झाले ते पाहा. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात दासाला सातव्या वर्षी मोकळे करायचे आहे, पण विकलेल्या मुलीला तसे नाही, असे ७ वे वचन सांगते. अनुवादाच्या १५ व्या अध्यायात १२ व्या वचनात बाईलाही मोकळे करायचे आहे, आणि वर रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून द्यायचे. लेवीयाच्या २५ व्या अध्यायात तर गरीब भावाला दास म्हणून राबवूच नका, मजूर म्हणून ठेवा, असे आहे. हे तिन्ही नियम अगदी एकसारखे नाहीत. जुन्या टीकाकारांनी ते एकसारखे करायला पुष्कळ घाम गाळला. मला त्यात एक दिशा दिसते. पाण्याचा उतार कुठे आहे हे कळायला एकच ओंजळ पाहून भागत नाही, ओढा थोडा चालून पाहावा लागतो. आणि हा ओढा प्रभूपाशी येतो, जो नासरेथच्या सभास्थानात उभा राहून बंदिवानांच्या सुटकेचे वचन आपल्यावर लावून घेतो. परका कोण आणि शेजारी कोण, हा प्रश्नही त्याने शोमरोन्याची गोष्ट सांगून उलटाच करून टाकला.

ज्याला याहून स्पष्ट हवे त्याने नहेम्याचा ५ वा अध्याय वाचावा. शेते गहाण, द्राक्षमळे गहाण, मुली दासी झालेल्या, आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊ. नहेम्याने त्यांना बोलावून रागे भरले आणि शेते, घरे, व्याज परत करायला लावले. "कर्ज घेतले होते ना, मग फेडा," असे तो त्या बापांना म्हणाला नाही. मी म्हणालो होतो.

आपल्या देशाच्या कायद्याचेही इथेच सांगतो, कारण त्या मुकादमाला उत्तर देताना मला तेही माहीत असायला हवे होते. वेठबिगार पद्धत २५ ऑक्टोबर १९७५ पासून रद्द आहे, १९७६ च्या कायद्याने. वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्या कायद्याने संपवली. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे नाही. पण उचल घेतली म्हणून माणसाला काम सोडून जाता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही, अशी स्थिती असेल तर तो प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांकडे नेण्याचा आहे, मुकादमाच्या वहीचा नाही. आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी आहे.

ती घटना ज्यांनी लिहिली ते इथून जवळच, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, आपल्या नाताळाच्या दिवशी, त्यांनी तिथे मनुस्मृती जाळली. शास्त्रातले वाक्य माणसाला पाण्यापासूनसुद्धा दूर ठेवू शकते हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको. आपण ख्रिस्ती लोकांनी ती गोष्ट दुसऱ्यांची म्हणून ऐकू नये. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांस पत्रातले वचन आपल्याच बंधूंनी अमेरिकेत गुलामांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, हे अनुवाद २३:१५ त्यांनी ऐकवले नाही. तेही त्याच पुस्तकात होते. वाडीवर पळून आलेल्या त्या पाच जणांसमोर मीही ते उघडले नाही.

हा प्रश्न नवा नाही. आपली सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले आणि त्यांनी कोकणात शाळा काढल्या. तेव्हापासून मराठी माणसाने ख्रिस्ती शास्त्र वाचून शंका विचारल्या आहेत. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. आपल्या पूर्वजांना या शंका बाहेरून यायच्या, आणि बचाव करण्याची त्यांना सवय लागली. तीच सवय माझ्यात आली होती. मावशीची शंका बाहेरची नव्हती. तिला शास्त्र खोटे ठरवायचे नव्हते, तिला ते खरे हवे होते.

आता थोडी हलकी उदाहरणे. प्रभूने बारा शिष्यांना गावोगाव पाठवले तेव्हा काठी घ्या म्हणाला की घेऊ नका म्हणाला? मार्क ६:८ मध्ये काठीशिवाय काही घेऊ नका, असे आहे. मत्तय १०:१० आणि लूक ९:३ मध्ये काठीही घेऊ नका, असे आहे. पावसाळ्यात वाडीवर चढणाऱ्या आपल्या सेवकांना काठीचे मोल विचारा! टीकाकारांनी दोन प्रकारच्या काठ्या शोधल्या, एक टेकायची आणि एक मारायची. कोणी म्हणतात, असलेली घ्या, नवी मिळवू नका. असेलही. मला ते ओढूनताणून वाटते, आणि ते नाही पटले तरी माझा विश्वास डळमळत नाही. तिन्ही लेखकांना सांगायचे ते एकच आहे, की शिदोरी आणि पैसा बांधून जाऊ नका, ज्यांच्याकडे जाता त्यांच्या घरी जेवा. ते आपण पाळतो का? आपण जीपगाडीत पाण्याच्या बाटल्या भरून जातो आणि वाडीवरचा काळा चहा घ्यायला कचरतो. काठीवर वाद घालणे त्यापेक्षा सोपे आहे.

दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग पुस्तक केले. कुठे फरकच उरला नाही. सिरियाच्या मंडळ्यांत ते पुष्कळ काळ वाचले जात होते. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपाने आपल्या भागातल्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार शुभवर्तमाने दिली. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले, त्यातही प्रभूची एकच सलग कथा आहे, आणि ते ऐकणाऱ्यांना फार प्रिय झाले. कथा सांगताना तसे करावेच लागते, मीही वाड्यांवर तसेच करतो. पण मंडळीने शास्त्र म्हणून चारच ठेवली. चार साक्षीदार असले की शब्द थोडे इकडेतिकडे होणार. चौघांचे अक्षर न् अक्षर जुळले तर कोर्टातसुद्धा न्यायाधीशाला संशय येतो.

भाषांतराचीही एक बाजू आहे. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात २ रे वचन सांगते की एकमेकांची ओझी वाहा, आणि ५ वे सांगते की प्रत्येकाने आपलाच भार वाहावा. आपल्या कामाच्या बैठकीत दरवर्षी यावर दोन तट पडतात. एक म्हणतो धान्य वाटा, दुसरा म्हणतो त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहू द्या, आणि दोघांच्या खिशात गलतीकर. ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत, पहिला बारॉस, दुसरा फोर्तिऑन. पहिल्यात दडपून टाकणाऱ्या वजनाची छटा आहे, दुसरा ज्याने त्याने उचलायच्या बोजाला वापरतात. माझा भार हलका आहे असे प्रभू म्हणाला, तिथे हाच दुसरा शब्द आहे. मात्र या शब्दभेदावर सगळा डोलारा उभारू नका, कारण मत्तय २३:४ मध्ये परूशी लोकांवर लादतात त्या जड ओझ्यांनाही हाच दुसरा शब्द आहे. पौल कशाबद्दल बोलतो आहे ते जास्त कामाचे. ५ व्या वचनाच्या आधी तो दुसऱ्याशी तुलना करून स्वतःची बढाई मारू नका असे सांगतो आहे. देवापुढे आपला हिशेब ज्याचा त्याने द्यायचा. भुकेल्याला परत पाठवण्याचा तिथे विषयच नाही.

पंडिता रमाबाईंचे मला इथे स्मरण होते. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र यावे म्हणून त्या मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावला मुक्तीमधल्या मुलींनी ते छापण्याचे काम केले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडे आधी भाषांतर पुरे झाले होते. ज्यांना अक्षरसुद्धा येत नव्हते अशा बायकांसाठी एवढी विदुषी इतकी वर्षे राबली. त्या बायकाही शास्त्र समजून प्रश्न विचारतील, असा त्यांचा भरवसा असला पाहिजे. माझा नव्हता. वाडीवर मी उत्तरे घेऊन जात होतो.

अजून एक वचन, जे वर्गणीदारांकडून मला हमखास ऐकू येते. काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, दुसरे थेस्सलनीकाकर ३:१०. आणि मागेल त्याला दे, हे मत्तय ५:४२. यांचे काय करायचे? पहिले वाचताना शब्द नीट पाहा, इच्छा नसलेल्याबद्दल ते आहे, काम न मिळालेल्याबद्दल किंवा तापाने पडलेल्याबद्दल नाही. तेही मंडळीत राहून दुसऱ्यांच्या उठाठेवी करत हिंडणाऱ्यांना लिहिले आहे. भट्टीवर मध्यरात्री उठून चिखल तुडवणाऱ्या बाईला ते ऐकवणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावरचे पत्र तिला देणे. तिच्या पत्त्यावर जे पत्र आहे ते याकोबाचे, ५ वा अध्याय, ४ थे वचन, अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे, असे. पण ते पत्रही खरे तर मजुरी अडवणाऱ्यालाच लिहिले आहे, तिने ते फक्त ऐकायचे आहे. कोणाला लिहिले, हा प्रश्न विचारला की पुष्कळ भांडणे आपोआप मिटतात.

सगळी मिटत नाहीत. चांगली कामे लोकांना दिसू द्या, मत्तय ५:१६. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, मत्तय ६:१. एकाच डोंगरावरचे एकच प्रवचन. आपल्या या त्रैमासिकात घोंगड्या वाटतानाचे फोटो छापावेत की नाही यावर संपादकांचे आणि माझे अजून एकमत नाही. ते म्हणतात, फोटो पाहून लोक देवाचे गौरव करतात आणि देणगीही येते. मी म्हणतो, त्या फोटोतल्या बाईला कोणी विचारले का? आम्ही दोघेही आपापले वचन घेऊन बसलो आहोत. हे भाषण ते छापतील तेव्हा हा भाग ठेवतात का ते पाहू.

त्या कुटुंबाचे सांगायचे राहिले. पावसाच्या आधी ते परत आले, अंगावर आणखी रक्कम घेऊनच. मी त्या बापाकडे गेलो आणि त्याला सांगितले की मी तुला अर्धेच वचन वाचून दाखवले होते. उरलेले अर्धे वाचले. तो काही बोलला नाही. पुढच्या दिवाळीला मुकादम आला तेव्हा आम्ही वाडीतले सहा जण बसलो आणि मागच्या हिशेबाची वही दाखवा म्हटले. त्याने ती दाखवली नाही आणि पुन्हा त्या घरी तो आला नाही. ते कुटुंब आता इथेच मजुरी करते, नदीवर मासे धरते. पावसात ओढाताण होते ती होतेच. थोरली मुलगी मात्र शाळेत परत गेली नाही. तिला आता दोन मुले आहेत. ती मला सलाम करते, तेव्हा मला तिच्याकडे सरळ बघवत नाही.

मावशी अजून आहे. आता वाडीवर वाचन संपवून मी पुस्तक मिटू लागलो की ती म्हणते, "दादा, पुढचं वाचा." कधी कधी पुढे नुसती नावांची यादी असते. तीही वाचतो.

दिवाळीला थोडेच दिवस राहिले आहेत आणि टेम्पो येऊ लागतील. या वर्षी आपण हिशेबाच्या छोट्या वह्या छापून घेतल्या आहेत. उचल किती, विटा किती, खर्ची किती, तारीख, आणि सहीची जागा, एवढेच त्यात आहे. प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाबरोबर एक वही जावी आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने ती भरावी असा विचार आहे. ज्यांना वाड्यांवर जाऊन वही कशी भरायची हे शिकवता येईल त्यांनी जेवणाआधी मागच्या टेबलावर नाव लिहून द्यावे. चालत जावे लागेल. काठी घ्यायची की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.